मास्तरांच्या तोंडी न येणारा शब्द

मुलांसाठीचा नवा कायदा झाला, हे मला आधी आमच्या मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावरून कळलं. खात्याच्या बैठकीहून ते परत आले, पाणी प्यायले, आणि माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या भारताच्या नकाशाकडे बघत म्हणाले, "बाई, पणजीला प्रशिक्षण आहे. तुम्ही जायचं."

"कसलं प्रशिक्षण?"

"मुलांचं." नजर लक्षद्वीपपर्यंत सरकली. "म्हणजे मुलांच्या... सुरक्षेचं. बाईमाणूस असलेलं बरं, असं मला वाटतं."

आमची शाळा डिचोली तालुक्यात, कारापूरच्या पलीकडे एका वाड्यावर. पहिली ते चौथी, शिक्षक दोन. एक मुख्याध्यापक, ज्यांना सगळा गाव नुसतं मास्तर म्हणायचा, आणि एक मी. माझं माहेर पार्शाला, पेडणे तालुक्यात. आठवडाभर मी शाळेजवळ खोली घेऊन राहायची आणि सुट्टी लागली की पार्शाला पळायची.

मास्तर फार चांगले होते. व्याकरण पक्कं, अक्षर सुंदर, मुलांवर कधी हात उगारला नाही. फक्त काही शब्द त्यांच्या तोंडून निघायचे नाहीत. मुताऱ्यांना ते 'तिकडे' म्हणत. शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबांना त्यांनी "तिकडचं दार मोडलं आहे" असं सांगितलं होतं, आणि साहेब बिचारे कुंपणाचं दार बघून आले होते. त्यांच्या स्वतःच्या बायकोला दिवस गेले तेव्हा त्यांनी शाळेत म्हणे "घरात जरा मंडळी वाढतील" असं सांगितलं, आणि शिपाईबाईंनी पाहुणे येणार म्हणून त्यांना घरचे तांदूळ आणून दिले.

गोव्यात मुलांसाठी वेगळा कायदा काही वर्षं आधीच झाला होता, पणजीला मुलांचं वेगळं कोर्टही होतं. आता सगळ्या देशासाठी त्याहून कडक कायदा आला होता. त्यातलं एक कलम मास्तरांच्या मनाला फार लागलं. मुलाशी कुणी वाईट वागल्याचं ज्याला कळेल, त्याने पोलिसांना सांगितलंच पाहिजे, गप्प बसला तर तोही गुन्हेगार.

"ज्याला म्हणजे कुणालाही?" मास्तरांनी विचारलं.

"कुणालाही."

"मुख्याध्यापकालाही?"

"मुख्याध्यापकाला तर आधी."

ते परत नकाशाकडे बघायला लागले.

पणजीच्या प्रशिक्षणाला उत्तर गोव्यातले पुष्कळ शिक्षक होते. शिकवायला आलेल्या मॅडम केस बारीक कापलेल्या, आवाज खणखणीत. त्यांनी पहिल्याच तासाला सगळ्यांना उभं केलं आणि सांगितलं, "मी अवयवांची नावं घेते. माझ्यामागून मोठ्याने म्हणायची. जे शब्द तुम्हालाच म्हणता येत नाहीत, ते मूल तुम्हाला कसे सांगेल?"

डोकं, कान, खांदा, कोपर इथपर्यंत हॉल दणाणला. नाभी आली तेव्हा आवाज जरा उतरला. मग मॅडम 'योनी' म्हणाल्या, 'शिश्न' म्हणाल्या, आणि हॉलमध्ये फक्त पंख्यांचा आवाज राहिला. माझ्या शेजारचे सत्तरी तालुक्यातले एक गुरुजी ओठ हलवत होते, पण बारकाईने ऐकलं तर ते 'रामकृष्ण हरी' म्हणत होते. मॅडमनी आम्हाला पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा, आणि पुन्हा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आम्ही सगळे ते शब्द पाढे म्हणावेत तसे म्हणत होतो. आणि गंमत अशी की तेवढ्या घोकंपट्टीनंतर ते शब्द कोपरासारखेच झाले. दुपारी चहाच्या रांगेत सत्तरीचे गुरुजी मला म्हणाले, "बाई, आता माका कसलीच लज दिसना. घरीं गेल्यार सांभाळून उलोवंक जाय." घरी बोलताना जीभ सांभाळावी लागणार, ही त्यांची चिंता.

परत येऊन मी वर्ग घेतला. पहिली ते चौथी एकत्र बसवली. मास्तर वर्गात बसायला तयार नव्हते आणि घरी जायलाही तयार नव्हते. ते दाराबाहेर आमच्याकडे पाठ करून उभे राहिले, रस्त्यावरून कुणी येतंय का ते बघत.

मी चित्र लावलं. सांगितलं, अंगाचे काही भाग खासगी असतात. ते आपले आपणच धुवायचे, किंवा आई धुते, किंवा दुखलं तर आईसमोर डॉक्टर बघतो. बाकी कुणी हात लावायचा नाही, आपल्याला लावायला सांगायचा नाही.

पहिलीतल्या एका मुलाने हात वर केला. "बाई, खासगी म्हणजे खासगी बससारके?"

"हं, म्हणजे... आपल्या मालकीचे."

"मग सरकारी भाग खंयचे?"

मी काही बोलायच्या आधीच चौथीतल्या एकाने उत्तर दिलं, "हात, पाय, डोकां. ते सरकारी. त्येंका कोणूय हात लावता." वर्गाला हे एकदम पटलं. दाराबाहेर मास्तरांचे खांदे हलत होते. हसत होते की खोकत होते, पाठीवरून कळेना.

मी पुष्कळ प्रयत्न केला, पण ती विभागणी पुसता आली नाही. त्यानंतर वर्षभर आमच्या शाळेत मुलं पडली की रडत येऊन सांगायची, "बाई, सरकारी भागाक लागला."

शेवटी मी त्यांना तीन गोष्टी पाठ करायला लावल्या. नको म्हण, लांब हो, सांग. एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांग, दुसऱ्याने नाही तर तिसऱ्याला, कुणीतरी ऐकेपर्यंत सांगत राहा. हाताच्या प्रत्येक बोटाला आपल्या विश्वासाचं एकेक माणूस ठरवायला सांगितलं. बहुतेकांची बोटं आई, बाबा, आजी, बाई अशी भरली. एकाने करंगळी म्हशीला दिली होती. त्याचं म्हणणं, ती कुणाला सांगत नाही.

तिसरीत एक मुलगी होती. दोन वेण्या, पुढचा दात पडलेला, आवाज भोंग्यासारखा. तिचे आईवडील दोडामार्गाकडून खाणीच्या कामाला म्हणून आलेले. वडील ट्रक चालवायचे, पण त्याच सुमारास खाणी बंद पडल्या आणि ट्रक दारात उभा राहिला. ते रोज सकाळी तो धुवायचे. ट्रक कुठे जात नसे, त्यामुळे तो तालुक्यातला सगळ्यात स्वच्छ ट्रक होता. ह्या मुलीने आपलं अंगठ्याचं माणूस ठरवलं होतं मास्तर.

"मास्तर कशाला गं?" मी विचारलं.

"ते दारात उभे ऱ्हवान सगळां आयकतत," ती म्हणाली.

धडा मुलांनी अंगात भिनवून घेतला, आणि तिथून गावात गोंधळ सुरू झाला. न्हावी एकाची मान धरून केस कापायला गेला तर मुलगा "नाका", म्हणजे नको, असं ओरडून अर्धे केस कापलेल्या अवस्थेत पळाला आणि तसाच दोन वाडे फिरून आला. चुलीपाशी आंघोळ घालणाऱ्या एका आजीला नातवाने तिघा साक्षीदारांसमोर आधी परवानगी मागायला लावली. गालगुच्चे घेण्यात नाव कमावलेल्या एका मावशीला मुलांनी रस्त्यात गाठून समज दिली.

कळस झाला तो स्नेहसंमेलनात. प्रमुख पाहुणे म्हणून एक निवृत्त बँक मॅनेजर आले होते. अतिशय सज्जन गृहस्थ, शाळेला पंखे दिलेले. बक्षीस द्यायला त्यांनी त्या दोन वेण्यांच्या मुलीला बोलावलं आणि फोटोसाठी कौतुकाने उचलून घेतलं. माईक त्यांच्या हातात होता आणि तो चालू होता. मुलीने माईकला तोंड लावून "नाका" अशी आरोळी दिली. कर्णे देवळाच्या दिशेला लावलेले होते. देवळात पुजाऱ्याच्या हातातली घंटा म्हणे खाली पडली. पाहुण्यांनी तिला इतक्या घाईने खाली ठेवलं की बक्षिसाचा डबा त्यांच्याच पायावर आला.

"लांब व्हया," मुलीने त्यांना माईकवरून सांगितलं. ते खरंच लांब झाले. लंगडत.

नंतर मी माफी मागायला गेले तर ते पाय चोळत म्हणाले, "बाई, पोरीक विचारल्याबगर उखलूंक जायनाशिल्लें. चूक म्हजी." त्यांच्याबद्दलचा माझा आदर वाढला. गावाचा मात्र आमच्याबद्दलचा कमी झाला. पालकांच्या बैठकीत मला ऐकून घ्यावं लागलं की शाळेत मुलांना उद्धट करतात. त्या मुलीला तर सगळ्यांनी नावच पाडलं, 'नाका'. ती रस्त्याने निघाली की दुकानातली माणसं हात वर करून लांब व्हायची आणि हसायची. तीही हसायची. तिला वाटायचं, सगळे नियम पाळतायत.

ह्या हसण्याचं पुढे काय झालं ते सांगायला हवं.

शाळेजवळ एक दुकान होतं. वह्या, गोळ्या, चिकट बोरं, पावसाळ्यात छत्र्या. दुकानदार जत्रेच्या समितीत असे, सगळ्यांशी गोड. बस यायला वेळ असला की आया मुलांना त्याच्याकडे बसवून जायच्या. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, मलाही नाही.

काजूचे दिवस होते. भावाला मदत करायला मी रजा घेऊन पार्शाला बागायतीत गेले होते. त्या दिवशी सकाळी ती मुलगी भाकऱ्या थापणाऱ्या आईला म्हणाली की दुकानदार तिला हात लावतो. आईला वाटलं, झाली हिची रोजची टकळी सुरू. "पुरे आता तुझा नाका नाका. दूध पी," ती म्हणाली. मुलगी वडिलांकडे गेली. ते ट्रकखाली आडवे होऊन काहीतरी पिळत होते, त्यांनी "हां हां" म्हटलं. मग ती शाळेत आली. मी नव्हते. तेव्हा ती अंगठ्याकडे गेली.

पुढचं मला मास्तरांनीच सांगितलं. ते हजेरी घेत होते. मुलगी टेबलापाशी येऊन उभी राहिली आणि दुकानदार काय करतो ते तिने वर्गात शिकवलेल्या शब्दांत सांगितलं. स्पष्ट, न अडखळता, कोपर म्हणावं तसं. ते मी इथे लिहीत नाही. ज्याला कळायला हवं होतं त्याला त्यातून सगळं कळलं.

मास्तरांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. प्रशिक्षणाहून आल्यावर मी त्यांना सांगितलेलं त्यांना आठवलं: उलटसुलट विचारायचं नाही, तुझीच चूक म्हणायचं नाही, घाबरवायचं नाही. ते म्हणाले, "बरें केलें तूं म्हाका सांगलें तें. तुजें कांय चुकूंक ना." मग तिला आपल्या डब्यातला लाडू दिला. आणि मग ते इतके गांगरले की बाहेर जाऊन त्यांनी घंटा वाजवली. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. शाळा नुकतीच भरली होती. घंटा ऐकून मुलं दप्तरं उचलून आनंदाने ओरडत बाहेर पडली. मास्तर त्या मुलीचा हात धरून तिच्या घराकडे निघाले, आणि काहीतरी मोठं आहे असं वाटून सगळी शाळा त्यांच्यामागून निघाली. चौथीचा एकजण ढोल घेऊन आला होता.

त्या मिरवणुकीने आई दारात आली. मास्तरांनी बाकीच्यांना अंगणाच्या कडेला असलेल्या चिंचेखाली बसवून तेराचा पाढा म्हणायला लावला, आणि पाढ्याच्या आवाजाआड तिला सांगितलं. ती पायरीवर बसली. पिठाचे हात तसेच मांडीवर.

"सकाळी माका सांगी होता मास्तर," ती म्हणाली. "मी दूध पी म्हटलंय."

"आता ऐकलं ना. आता ऐकलंत ते पुरे," मास्तर म्हणाले.

मला फोन आला तेव्हा मी काजूचे बोंडू गोळा करत होते, हात रसाने चिकट. पलीकडून मास्तरांचा आवाज: "बाई, तुमी बेगीन येयात. गजाल जाल्या." मास्तर कोकणीवर आले म्हणजे प्रकरण गंभीर, एवढं मला कळत होतं. आहे त्या कपड्यांत मी निघाले.

डिचोलीच्या बसस्टँडवर मास्तर आणि मुलीची आई भेटली. मुलीला मास्तरांच्या बायकोपाशी ठेवलं होतं. तिथून आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. माझ्या अंगाला काजूच्या बोंडांचा वास येत होता, आणि टेबलामागचा हवालदार आधी माझ्याकडेच संशयाने बघायला लागला. त्याला वाटलं, काजूच्या हातभट्टीची भानगड.

मास्तर उभे राहिले. "आम्हाला सांगायचं आहे."

"किते?"

"शाळेजवळच्या दुकानदाराने एका बालिकेच्या..." इथे ते थांबले. "एका बालिकेशी गैर केलं."

"गैर म्हणजे? मारलें?"

"मारलं नाही. त्याने तिच्या... तिकडे..."

"खंय तिकडे? दुकानाच्या तिकडे?"

मी बोलायला तोंड उघडलं. मास्तरांनी हाताने मला थांबवलं. ती गोष्ट मुलीने त्यांना सांगितली होती, मला नव्हे. त्यांच्या टकलावर घाम आला. त्यांनी भिंतीकडे बघितलं, पण तिथे नकाशा नव्हता, हरवलेल्या माणसांचे फोटो होते. मग त्यांनी दोन्ही हात मागे बांधले, मुलांना कविता शिकवताना उभे राहत तसे उभे राहिले, आणि तिने सांगितलं होतं तसंच, तिच्याच शब्दांत, ऱ्हस्वदीर्घ सांभाळून सगळं सांगितलं. त्यांचा तो वर्गातला आवाज होता, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. ठाण्यात कुणी टंकत होतं ते थांबलं. बाकावर बसलेल्या एका चोरानेही मान खाली घातली.

हवालदार उठून उभा राहिला. "बसात मास्तर," तो म्हणाला, आणि आतल्या महिला अधिकाऱ्यांना बोलवायला गेला.

खाली बसल्यावर मास्तरांनी मला हळूच विचारलं, "बरोबर म्हटला ना शब्द?"

"अगदी बरोबर," मी म्हणाले. माझे डोळे भरून आले होते आणि हसूही येत होतं, दोन्ही लपवायला मी पदर तोंडाला लावला. पदराला काजूचा वास.

आम्ही संध्याकाळी परतलो तेव्हा मुलीच्या वडिलांना कळलेलं होतं. ते साखळी गावाला मिळेल ते काम करायला गेले होते, बायकोने फोनवर सांगितलं होतं. आम्ही पोचलो तर ते ट्रकच्या केबिनमध्ये चढून बसले होते, चेहरा दगडासारखा. बायको खालून विनवत होती.

"खंय चाललास?" मास्तरांनी विचारलं.

"दुकानार."

"ट्रक घेऊन?"

"दुकानातसून आरपार जातंय, मास्तर. माका अडवू नको."

त्यांनी चावी फिरवली. ट्रकने एक सुस्कारा टाकला आणि गप्प बसला. महिनोन् महिने उभा, बॅटरी उतरलेली. त्यांनी पुन्हा फिरवली, पुन्हा सुस्कारा. खाली उतरून ते शेजाऱ्यांना म्हणाले, "वाईच धक्को मारा." शेजारी चांगले. कशाला, हे कुणी विचारलं नाही. खाणी सुरू झाल्या असतील अशी एकाची समजूत झाली आणि त्याने नारळ आणायला घरी मुलगा पाठवला. सगळ्यांनी मिळून धक्का मारला. ट्रक हलला, उताराला लागला, आणि वडील दार उघडून चढायच्या आधीच एकटा निघाला. दुकान उजवीकडे होतं. ट्रक डावीकडे गेला, बांध ओलांडून वायंगणाच्या, उन्हाळी भाताच्या, शेतात उतरला, आणि चिखलात चाकं रुतवून उभा राहिला. रोज धुतलेला ट्रक कमरेपर्यंत चिखलाने माखला.

वडील बांधावर उभे राहून बघत होते. मग ते खाली बसले आणि रडायला लागले. मी मोठ्या पुरुषाला तसं रडताना पाहिलं नव्हतं. मास्तर त्यांच्या शेजारी धोतर सावरून बसले.

"तुम्ही तुरुंगात गेलात तर ती कुणाकडे बघणार?" ते म्हणाले. "त्याला न्यायला पोलीस येतायत. आपण सांगून आलो आहोत."

काही वेळाने जीप आली आणि दुकानदाराला घेऊन गेली. शेजाऱ्याने आणलेला नारळ तसाच हातात राहिला.

दुसऱ्या दिवशी महिला अधिकारी मुलीचं म्हणणं घ्यायला घरी आल्या. कायदाच तसा होता: मुलाला ठाण्यात बोलवायचं नाही, गणवेशात जायचं नाही. त्या साधा पंजाबी ड्रेस घालून, खांद्याला पिशवी अडकवून आल्या. वाड्यावर अनोळखी बाई म्हटल्यावर शेजारणी जमल्या. एकीने ठरवलं, मुलीच्या आतेला बघायला आलेल्या पाहुण्या. दुसरीने ठरवलं, लोणचीवाली. "आंब्याची आसा काय?" तिने कुंपणावरून विचारलं. बाईंनी शांतपणे सांगितलं की आज संपली.

मुलीला मात्र त्या पटेनात. "तू पोलीस? टोपी खंय तुझी?"

"आज घरी ठेवली."

"काठी?"

"काठीही नाही."

"मग नियम सांग."

बाईंनी नको म्हण, लांब हो, सांग, असे तिन्ही नियम सांगितले. तेव्हा कुठे मुलगी त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. आई शेजारी. मी आणि मास्तर बाहेर थांबलो. मास्तर सवयीने दाराकडे पाठ करून उभे राहिले आणि लोणच्याच्या गिऱ्हाइकांना लांब ठेवत राहिले.

मग समितीची माणसं आली. जत्रा तोंडावर आहे, गावाचं नाव जाईल, त्याला देवापुढे नारळ ठेवून माफी मागायला लावू, तक्रार मागे घ्या, असं त्यांचं म्हणणं. मला वाटलं मास्तर आता ढेपाळणार. गावात कुणाशी वाईटपणा घ्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता. पण ते अगदी उत्साहाने म्हणाले, "मागे घेता येत नाही हो. मला घ्यायची असती तरी येत नाही. मी गप्प बसलो असतो तर मलाच आत टाकलं असतं." असं म्हणताना त्यांचा चेहरा खुलला होता. आयुष्यभर भिडेखातर सगळ्यांना हो म्हणत आलेल्या माणसाला नाही म्हणायला सरकारने एक भक्कम कारण दिलं होतं, आणि ते त्याचा पुरेपूर उपयोग करत होते. समितीचे अध्यक्ष आवाज चढवायला लागले तेव्हा मास्तर म्हणाले, "मोठ्याने बोला, म्हणजे साक्षीदार मिळतील." अध्यक्ष हळू बोलायला लागले, मग निघून गेले.

हळूहळू आणखी दोन घरांतल्या आया मला येऊन भेटल्या. त्यांच्या मुलींनीही सांगितलं होतं, आणि त्यांनाही आधी हसू आलं होतं. रस्त्यात त्या मुलीला 'नाका' म्हणून हाक मारणं बंद झालं. कुणी बंद करा म्हटलं नव्हतं.

खटला पणजीला मुलांच्या कोर्टात चालला. कायद्यात लवकर निकाल लावा असं होतं, पण तारखा पडत गेल्या. मुलगी चौथी पास होऊन मोठ्या शाळेत गेली, पडलेला दात आला, वेण्यांची एक वेणी झाली. तिची साक्ष झाली त्या दिवशी मध्ये पडदा लावला होता, त्यामुळे तो माणूस तिला दिसला नाही. वकिलाने थेट विचारायचं नाही, न्यायाधीशबाईंनीच विचारायचं. आई आत होती, तिने आम्हाला नंतर सांगितलं. न्यायाधीशबाईंनी आधी विचारलं, खरं बोलणं म्हणजे काय ते तुला कळतं का?

"कळता," मुलगी म्हणाली. "खरां सांगल्यार आई पयली रागावता, मगे रडता, आणि मगे मास्तर येतत."

न्यायाधीशबाईंनी ते जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं म्हणे.

त्याला शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी आम्ही सगळे गेलो होतो, निवृत्त झालेले मास्तरही, इस्त्रीचा सदरा घालून. निकाल ऐकून कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाहेर आल्यावर वडील म्हणाले की कुणी उपाशी घरी जायचं नाही. एका हॉटेलात आम्ही मिक्स भाजी आणि उंडे पाव खाल्ले. मुलीने आईस्क्रीम मागितलं, ते संपवलं, आणि तिच्या धाकट्या भावाचंही संपवून दिलं. मास्तर चहा बशीत ओतून प्यायले, मग त्यांनी दुसरा मागवला. त्यांना इतकं निवांत मी कधी बघितलं नव्हतं.

परतीच्या बसला गर्दी होती. कंडक्टर तिकिटं काढत आला. आईने सवयीने मुलीसाठी अर्धं तिकीट मागितलं. कंडक्टरने मुलीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"ही अर्धी? ही तुमच्यापरस लांब आसा."

आई गोंधळून मुलीकडे बघत राहिली, जणू ती किती वाढली हे तिला त्या क्षणी दिसत होतं. "केस सुरू झाली तेवां अर्धीच होती," ती म्हणाली.

"माझा फुल काड," मुलगी म्हणाली.

कंडक्टरने पूर्ण तिकीट फाडून थेट तिच्याच हातात दिलं. तिने ते नीट बघितलं, खिशात घातलं, आणि खिडकीपाशी बसलेल्या भावाला सरक म्हणाली.